रिड्यूसला मराठीत काय म्हणावं?

नांदेड, संगणक शिकवते
डिप्लोमाच्या मुलांसाठी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पॅरलल स्ट्रीमवर (यादीवरचं काम वाटून एकाच वेळी करणं) मराठीत टिपणं काढतेय. जावा 8 बरोबर हे 2014 साली आलं, पण मराठीत यावर धड काही सापडत नाही. अडलंय फंक्शनच्या प्रकारांवर. मॅपचं फंक्शन एक घटक घेतं, एक देतं. फिल्टरचं नुसतं हो किंवा नाही सांगतं, ते प्रेडिकेट. रिड्यूसचं दोन घेतं आणि त्याच जातीचं एक परत देतं, असं करत सगळ्या यादीची एकच किंमत उरते. रिड्यूसला 'लघुकरण' लिहिलं, तर पहिल्याच तासाला पोरानं विचारलं, "मॅडम, लहान काय झालं?" तिन्हींना नावं सुचवा.

परभणी
ताई, गोषवारा! तलाठ्याच्या दप्तरात रोजचा शब्द आहे.

संभाजीनगर, भाषांतरकार
गोषवारा फारसी आहे. 'एकवटणे' असताना उसनं कशाला? गणितात फंक्शनला 'फल' आहेच, 'एकवट फल' करा.

परभणी
मग 'बेरीज' आणि 'शिल्लक' पण काढून टाका वहीतून.

लातूर, मोंढ्यात आडत
मला कोडिंग येत नाही, पोरगं करतं. त्यानं विचारलं तेव्हा मी मोंढाच, म्हणजे धान्याचा बाजार, दाखवला. प्रत्येक पोत्याचं वजन घ्यायचं, त्यातून कडता, म्हणजे वजनातली ठरलेली घट, वजा करायचा. या पोत्याचा त्या पोत्याशी संबंध नाही, म्हणून चार काटे एकदम चालतात. शेवटी चारही काट्यांचे आकडे एका पट्टीवर, म्हणजे हिशेबाच्या कागदावर, येतात. आम्ही त्याला 'एकूण' म्हणतो, बस.

नांदेड, संगणक शिकवते
दादा, कडता म्हणजे मॅप आणि पट्टी म्हणजे रिड्यूस. उद्या वर्गात हेच सांगते. फक्त 'एकूण' म्हटलं की मुलं बेरीजच धरतात. दिवसातला सगळ्यांत चढा भाव काढणं हेही रिड्यूसच. आणि कोणतंही फंक्शन तिथं चालत नाही. वजाबाकी घ्या: (10 − 5) − 2 = 3, पण 10 − (5 − 2) = 7. काम वाटून दिलं की गट कुठं पडतील ते आपल्या हातात नसतं, म्हणून साहचर्य नियम पाळणारंच फंक्शन लागतं. संगणकातल्या दशांश संख्यांची बेरीजसुद्धा तो नियम काटेकोर पाळत नाही. गट बदलले की शेवटचे अंक हलतात. नावातून हे थोडं तरी कळावं.

संभाजीनगर, भाषांतरकार
म्हणूनच 'एकवट'. गोषवाऱ्यात बाबवार आकडे असतात, रिड्यूसमधून एकच किंमत निघते.

बीड, निवृत्त उर्दू शिक्षक
गोशवारा म्हणजे कानातला डूलसुद्धा. गोश म्हणजे कान. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, सरकारी कागद उर्दूत चालायचे. हैदराबादेत 1917 साली उस्मानिया विद्यापीठासाठी दारुल तर्जुमा हे भाषांतराचं खातं काढलं आणि गणितापासून वैद्यकापर्यंतची पुस्तकं उर्दूत आणली. आपल्या जिल्ह्यांत हे शब्द परके कधीच नव्हते.

संभाजीनगर, भाषांतरकार
सर, त्यांनीही अरबी-फारसीतून शब्द घडवलेच की. त्यांनी घडवले तर परंपरा आणि आम्ही संस्कृतातून घडवले तर अट्टहास?

बीड, निवृत्त उर्दू शिक्षक
घडवायला माझी ना नाही. गोशवारा मात्र कोणी घडवलेला नाही, तो वापरातून आलाय. जिवंत शब्द मोडीत काढून नवा रुजवू नका, एवढंच म्हणणं.

लातूर, मोंढ्यात आडत
सर, 'आडत' कुठला हो?

नांदेड, संगणक शिकवते
प्रेडिकेट राहिलं. 'पारख फल' चालेल का? एका घटकाला पारखून हो-नाही सांगणारं.

परभणी
चालेल की. पण सर, डूल आणि हिशेब एकाच शब्दात कसे आले ते सांगाच.