'ब्लूइंग'ला मुलामा म्हणावं का?

प्रश्न
जुन्या इंग्लिश दुनळी बंदुकांच्या डागडुजीवर मराठीत लिहितो आहे. नळ्यांवरच्या 'ब्लूइंग'ला 'निळा मुलामा' आणि 'कार्डिंग'ला 'पिंजणे' लिहिलं आहे. 'केस हार्डनिंग'च्या (लोखंडाचा फक्त वरचा थर कठीण करण्याच्या) रंगांना 'रंगीत कल्हई' म्हटलं तर चालेल?

उत्तर
मुलामा नको. मुलामा म्हणजे एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर. कल्हई तर त्याहून ठरीव: तापलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवायचं. ब्लूइंगमध्ये बाहेरचा धातू येतच नाही. नळीच्याच लोखंडाचा काळा ऑक्साइड होतो, मॅग्नेटाइट. तो ताब्यात ठेवलेला गंजच आहे. म्हणून शब्द 'ब्लूइंग'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'गंजवून-उकळून काळं करणं' असा खुलासा द्या.

कृती लिहिताना क्रम असा. नळी ३२० ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, मागे लाकडी ठोकळा धरून घासायची. त्याहून गुळगुळीत केली तर गंज नीट धरत नाही. ॲसिटोनने तेलकटपणा काढायचा आणि पुढे हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. बोटाचा ठसा पडला की तिथे थर बसत नाही. गंजवायचं द्रावण जेमतेम ओलसर बोळ्याने, एकाच दिशेने, पुन्हा न गिरवता लावायचं. द्रावण ओघळलं तर त्याची रेघ शेवटपर्यंत दिसते. दमट जागी काही तासांत तांबूस, मखमलीसारखा गंज येतो. (कोकणात पावसाळ्यात वेगळी दमट पेटी लागत नाही, पण लक्ष ठेवावं लागतं, जास्त वेळ राहिली तर खड्डे पडतात.) मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये २०-३० मिनिटं उकळायची. तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा होतो. नळाच्या पाण्याने डाग राहतात.

आता 'कार्डिंग'. लोकरीचं पिंजणं इथे लागू नाही. वर बसलेली सुटी काळी भुकटी तेल काढलेल्या ०००० स्टील वूलने हलकेच काढायची असते. 'भुकटी झाडणं' म्हणा. वाचणारा आपोआप हात हलका ठेवेल. हे चक्र साधारण ५ ते १० वेळा. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळून तेल.

पुरवणी
'मुलामा' शब्दाने नुकसानही होतं. मुलामा म्हटला की माणूस मुलाम्याच्या हौदाचा विचार करतो आणि नळ्या कॉस्टिक सोड्याच्या तापल्या बाथमध्ये बुडवायला देतो. दुनळीच्या नळ्यांमधल्या पट्ट्या कथील-शिशाच्या डागाने (सोल्डरने) जोडलेल्या असतात. कॉस्टिक तो डाग खातं, क्षार पट्टीखाली अडकतात आणि आतून गंजत राहतात. काम सुरू करण्याआधी नळ्या दोरीने टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर जोड शाबूत. बद्द आवाज आला तर पट्टी सुटली आहे.

प्रश्नकर्ता
मग केस हार्डनिंगचं काय?

उत्तर
तिथे आपला 'पाणी देणे' जवळचा आहे, विळ्या-कोयत्याला देतात तो. हाडांचा आणि लाकडाचा कोळसा भरलेल्या बंद डब्यात भाग ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात, कार्बन वरच्या थरात मुरतो, मग हवा खेळवलेल्या पाण्यात एकदम बुडवतात. निळे-तपकिरी ढग उमटतात ते निव्वळ ऑक्साइडचे. 'पाण्याचे रंग' हा शब्द मला पटतो. व्हिनेगरने रंग जातात, कठीणपणा राहतो. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हा फरक हरवतो. आणि रंग परत आणायला भाग पुन्हा तापवला तर तो वाकडा होण्याची भीती असते.

पुरवणी
'जुना थर काढणे' याला 'खरवडणे' लिहू नका. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थर १०-३० मिनिटांत सुटतो. मग भाग लगेच सोड्याच्या पाण्यात धुवायचा. बफ चाकाने (पॉलिशच्या फिरत्या चाकाने) कडा गोल होतात, नक्षी आणि लंडन-बर्मिंगहॅमचे प्रूफ शिक्के (नळी तपासून पास केल्याच्या खुणा) पुसतात. भारतात तर बंदुकीवरचा नंबर पुसणं शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ खाली गुन्हा आहे, आणि दुरुस्तीचं काम परवानाधारकाकडेच द्यावं लागतं. 'थर उतरवणे' लिहा.