युरोपात अमेरिकन फुटबॉल काहून?

वणीचा_पोट्टा: रात्रीची लाईन, पऱ्हाटीले पाणी देता देता मोबाईलवर फ्रँकफर्ट-हॅम्बर्गची जुनी मॅच लागली, लंबुडका बॉल हातात घेऊन पळून राहिले अन् नाव फुटबॉल! जर्मनीत हे कुठून आलं बे?

दारव्हेकर: जुनंच हाय भाऊ. एनएफएलची, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या फुटबॉल लीगची, तिकडं एक लीग होती, पैसा बुडून राहिला म्हणून 2007 मधे गुंडाळली. मंग 2021 ले युरोपियन लीग ऑफ फुटबॉल आली, 8 टीम, 6 जर्मनीच्या, पोलंड अन् स्पेनची एकेक. फ्रँकफर्ट गॅलेक्सी हे जुनंच नाव, पहिली फायनल त्याइनंच मारली, 32-30.

वणीचा_पोट्टा: सारे अमेरिकनच असन ना?

काकाजी: नाही बे, या लीगमधे अमेरिकन खेळाडूइची संख्या बांधून देल्ली होती. आमच्या कबड्डीत मात्र रेडर बाहेरगावचे अन् गावचे पोट्टे मॅट उचलाले!