बिग फनची कार्डं, रद्दीचा भाव आणि एक भांडण

कृष्णाकाठ (सांगली)
काल जुन्या वस्तूंच्या धाग्यावर अजिंक्यतारा७१ यांनी फतवा काढला. थोडक्यात असा: बिग फन च्युइंग गमबरोबर मिळायची ती क्रिकेट कार्डं आणि डब्ल्यूडब्ल्यूएफच्या अमेरिकन पैलवानांचे ट्रम्प पत्ते हजाराला विकणारे लोकांना गंडवतात, खरं दुर्मिळ कार्ड म्हणजे जपानचं पोकेमॉन इलस्ट्रेटर, आपल्याकडचं सगळं रद्दीच्या भावाचं. खाली अंगठ्यांची रांग. तिथं चार ओळींत भागणार नव्हतं म्हणून इथं लिहितो.

इलस्ट्रेटरच घ्या. १९९७-९८ मध्ये जपानच्या कोरोकोरो मासिकानं चित्रस्पर्धा घेतल्या आणि जिंकणाऱ्यांना ते कार्ड दिलं. स्पर्धांमधून ३९ वाटली गेली हे नोंदलेलं आहे. म्हणूनच अमेरिकन यूट्यूबर लोगन पॉलनं एकासाठी ५२ लाख ७५ हजार डॉलर मोजले. अमेरिकन बेसबॉलपटू होनस वॅगनरचं कार्ड १९०९ ते १९११ च्या दरम्यान सिगारेटच्या पाकिटातून यायचं. वॅगनरनं हरकत घेतली, छपाई थांबली, आता जेमतेम पन्नास-साठ उरलीत. आणि टॉप्स या गम कंपनीचं १९५२ चं बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड? न खपलेले खोके १९६० मध्ये समुद्रात नेऊन बुडवले, असं त्या कंपनीचा साय बर्जर स्वतः सांगायचा. तेच कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. अहो, रद्दीच होती ती. ज्यांनी बनवली त्यांनाच नको होती.

आता आपलं बिग फन. ८७ च्या रिलायन्स कपचे, म्हणजे क्रिकेट विश्वचषकाचे दिवस. गम दोन मिनिटांत बेचव व्हायचा, कार्ड मात्र खिशात. त्यावर रन नाहीतर विकेट छापलेल्या, त्या जमवायच्या आणि बक्षीस मिळवायचं. त्या नादात किती कार्डं देऊन टाकली गेली आणि उरलेली दप्तरात घासून गेली, विचार करा. चारी कोपरे शाबूत असलेलं एक कार्ड दाखवा मला. पूर्ण संच किती कार्डांचा हे छातीठोक सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आपली कार्डं मोजली गेली नाहीत एवढंच म्हणा. दुर्मिळ नाहीत कशावरून म्हणता?

अजिंक्यतारा७१ (सातारा)
निबंधाबद्दल आभार. तुमच्याच परिच्छेदात तुमचं उत्तर आहे. मोजलेली नाहीत म्हणजे उद्या गणपती पेठेतल्या एखाद्या माळ्यावरून पोतंभर निघाली तर? मग काल दहा हजार देणाऱ्यानं काय करायचं? तिकडं अमेरिकेत १९९१ पासून पीएसए ही कार्डांचा दर्जा ठरवणारी कंपनी आहे. कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र मधोमध आहे का, सगळं तपासून १ ते १० मध्ये आकडा देतात. इकडं दाखला कोण देणार, मोती चौकातला पानवाला?

आणि दुर्मिळ तर आमच्या आजोबांचं १९६८ चं लाईट बिलही आहे. एकच प्रत. घेता?

विट्याचा_गलाई
दादा, आमच्या धंद्यात सोनं आटवलं की टंच, म्हणजे शुद्धता कळते. कार्डाचं काय आटवणार? पीएसएचा आकडा त्या प्लास्टिकच्या डबीवर असतो, आत पुठ्ठा तोच. आता तर डब्याही नकली येतात.

गंमत सांगतो. पालीच्या जत्रेत भाच्यानं सोनेरी पोकेमॉन कार्डांचा डबा घेतला. कुणीतरी भावजींच्या डोक्यात भरवलं की त्यातल्या चारिझार्ड नावाच्या कार्डाला लाखो मिळतात. भावजी रात्री डबा कपाटात कुलूप लावून झोपले. सकाळी बघतात तर एकाच डब्यात चारिझार्ड सात! अहो, पहिल्या इंग्रजी संचातलं खरं चारिझार्ड म्हणजे १०२ पैकी ४ नंबर, १९९९ चं, साध्या पुठ्ठ्याचं. सोन्याचा मुलामा असला की समजायचं काय ते.

मंजू_मिरजकर
कार्डं म्हटलं की सगळे पुरुषच बोलणार. दादाचे डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते मीच जिंकायचे, पण गल्लीतली पोरं मला खेळायला घ्यायची नाहीत. ‘पोरीला काय कळतंय’. पत्त्यावरचा एकेक आकडा मागून समोरच्याचा पत्ता जिंकायचा: जायंट गोन्झालेसची उंची ८ फूट, वजनाला योकोझुना, रँक मागितली की लहान आकडा जिंकतो. अजून पाठ आहे. चेस्ट-बायसेप्स मागून हरणारे गाढव कोण होते तेही लक्षात आहे.

किमतीचं म्हणाल तर माझ्यासाठी संपलं ते. डबा माहेरी होता, खालच्या मजल्यावर. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आईनं दागिने आणि रेशनकार्ड उचललं. पत्ते चिकटून त्यांची वीट झाली होती.

अजिंक्यतारा७१
ताई, वाईट वाटलं. पण हे भावनिक मूल्य झालं. बाजारभाव वेगळा.

मंजू_मिरजकर
बाजारभाव सांगितलाच नाही मी. वाचता तरी का?

तालीम_कराड
इतका वेळ गप्प होतो. अंडरटेकरची रँक पाठ, योकोझुनाचं वजन पाठ. गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांचं कार्ड कुणी काढलं का रे? हेलसिंकी १९५२, कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जायला पैसे नव्हते म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. परत आले तेव्हा कऱ्हाड स्टेशनवर १५१ बैलगाड्या. आणि अर्जुन पुरस्कार कधी? माणूस १९८४ ला गेल्यावर कितीतरी वर्षांनी. आमची पोरं मात्र लुटुपुटूच्या कुस्तीचे पत्ते छातीशी धरून झोपायची. लाज वाटायला पाहिजे.

भडंगवाला
लुटुपुटू म्हणे. आपल्या मैदानात नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती होतच नाही ना? पंचवीस मिनिटं नुसती खडाखडी, शेवटी बरोबरीत सोडवली. निम्मं मैदान शिव्या देत घरी जातं. निदान तिकडचे लोक नाटक तरी नीट करतात.

तालीम_कराड
तू लंगोट कधी लावलायस का रे? चार वाजता उठून जोर मारलेत? कवठेपिरानच्या मारुती मानेंच्या जिल्ह्यात बसून असलं बोलतोस?

भडंगवाला
हिंदकेसरी माने मोठेच. त्यांच्या नावावर आजची नुरा का झाकता? आमच्या गावच्या मैदानाची वर्गणी मीच गोळा करतो, म्हणून बोलतोय.

विट्याचा_गलाई
वर्गणीचा हिशोब दिलाय का कधी 😄

भडंगवाला
तुझ्याकडून आली की देतो.

कृष्णाकाठ
कार्डांवर या रे बाबांनो. तरी तालीमवाल्यांच्या बोलण्यात एक मुद्दा आहे. मँटलचं कार्ड १९५२ चं, खाशाबांचं पदक १९५२ चं. तिकडं गमच्या पाकिटात खेळाडू छापत होते, मागे त्याची आकडेवारी. सत्तर वर्षांनी कुणालाही सांगता येतं की अमुक मालिकेत मँटलचा नंबर ३११. तिथं पैसा त्या यादीला आहे. अजिंक्यतारा, तुमच्या पीएसएलासुद्धा आधी यादीच लागते.

अजिंक्यतारा७१
चला, यादी नाही हे तुम्हीच कबूल केलंत. मी वेगळं काय म्हणत होतो? यादी नाही, दाखला नाही, तरी ‘अतिदुर्मिळ, भाव बोला’ अशा जाहिराती रोज येतात. गेल्या दिवाळीत एकानं मला क्रिकेटपटू श्रीकांतचं बिग फन म्हणून रंगीत झेरॉक्स पाठवली. पैसे आधी घेतले, नंतर फोन बंद. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

मंजू_मिरजकर
अच्छा! म्हणजे रद्दीसाठी पैसे तुम्हीही मोजले होते 🙂

अजिंक्यतारा७१
...श्रीकांत होता हो. श्रीकांतसाठी कुणीही मोजेल.

कृष्णाकाठ
एवढंच वदवून घ्यायचं होतं. झेरॉक्स ओळखायची तर भिंगाखाली धरा. खऱ्या छपाईत रंगांच्या ठिपक्यांची नक्षी रांगेत दिसते. कड बघा, पुठ्ठा आतून कुठल्या रंगाचा आहे ते कळतं. मागची बाजू तर नकली करणारे बघतच नाहीत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी दोन्ही बाजूंचे फोटो इथं टाका. भाव लिहू नका, खेळाडू आणि रन-विकेट लिहा.

अजिंक्यतारा७१
टाकतो. माझ्याकडे बरीच आहेत. रद्दी म्हणूनच ठेवलीत, गैरसमज नको. पण डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते या यादीत घेऊ नका, ते कुठल्याही छापखान्यात निघायचे. एका संचात ब्रेट हार्टचं वजन वेगळं, दुसऱ्यात वेगळं.

मंजू_मिरजकर
म्हणून तर जास्त घ्यायला पाहिजेत. चुका वेगळ्या म्हणजे संच वेगळे. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, ते चुकांवरूनच लागेल. आणि २००२ ला मूळ कंपनीनं नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई केलं, त्यामुळे नवं नाव असलेला पत्ता त्याच्या आधीचा असूच शकत नाही. जुनं नाव असलं तर काही सिद्ध होत नाही, आपल्या छापखान्यांना कळवायला कोण आलं होतं?

अजिंक्यतारा७१
हे मात्र पटलं. लगेच हुरळू नका.

व्यवस्थापक
नुरा कुस्ती आणि वर्गणीवरचे पुढचे १४ प्रतिसाद उडवले आहेत. गावाचं नाव घेऊन आरोप करू नयेत.

तालीम_कराड
माझा खाशाबांवरचा मोठा प्रतिसाद पण उडाला त्यात! अर्धा तास टाईप करत होतो. भडंगवाल्याचे उडवा, माझा परत टाका.