प्रोग्रामिंग लँग्वेजेसचा कोर्स तिसऱ्यांदा घेऊन राहिलो, काय ठेवू अन काय बदलू?

कपाशीवाला_कोडर
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. पहिल्या वर्षी हा कोर्स सगळा सी मध्येच घेतला, पोट्ट्यांनी सिंटॅक्स पाठ केला अन पेपर झाल्यावर विसरले. दुसऱ्या वर्षी स्कीम ही भाषा आणली, रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच बोलावणं) खरंच समजलं त्यांना. क्लोजरसाठी, म्हणजे फंक्शन बाहेरचं व्हेरिएबल धरून ठेवते त्यासाठी, मात्र गो भाषा ठेवली होती, लूपमधे तीन फंक्शन बनवायचे अन लूप संपल्यावर चालवायचे, उत्तर ३ ३ ३, कारण तिघांत लूपचं व्हेरिएबल एकच. मागच्या आठवड्यात एकाच बेंचवरच्या दोन पोरी, कोड अक्षर न् अक्षर सेम, एकीचं ३ ३ ३ अन दुसरीचं ० १ २. मी ओळ न् ओळ बोट ठेवून तपासली, अर्धा तास गेला, मग लाईनच गेली. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, फेब्रुवारी २०२४ मधे गो १.२२ आलं तेव्हापासून लूपच्या प्रत्येक फेरीला नवीन व्हेरिएबल मिळते, पण फोल्डरमधल्या गो डॉट मॉड फाईलमधे (तिथं गोची आवृत्ती लिहिलेली असते) १.२१ लिहिलेलं असलं तर जुनंच वागते. पहिलीनं सिनिअरचं फोल्डर कॉपी केलं होतं. आता हे उदाहरण काढून टाकू का?

जुना_लॅबवाला
काढू नका सर! हे तर सोनं आहे. दोन्ही फोल्डर मुद्दाम ठेवा, आधी उत्तर वहीत लिहायला लावा, मग रन करा. सी शार्प भाषेनं २०१२ मधे फॉरईच लूपसाठी हेच बदललं, जावास्क्रिप्टमधे २०१५ ला व्हेरिएबल बनवायला 'let' हा शब्द आला तोही याच्यासाठी कामी पडते. फंक्शननं व्हेरिएबल पकडलं का त्यातली किंमत, हा प्रश्न कायम राहते, उत्तर त्या त्या भाषेनं ठरवलेलं असते. अन एक, प्रॅक्टिकल झालं की त्याच दिवशी कुठं अडकले ते लिहून ठेवा, पुढच्या जूनमधे काहीच आठवत नाही.

पुसदची_पोरगी
मी विद्यार्थी म्हणून सांगते. आमच्या सरांनी छोटा इंटरप्रिटर, म्हणजे दुसरा कोड वाचून चालवणारा प्रोग्राम, लिहायला लावला होता, आधी नुसती बेरीज वजाबाकी, मग व्हेरिएबल, मग फंक्शन. फंक्शन बोलावताना ते जिथं बनलं तिथला एन्व्हायर्नमेंट (कोणत्या व्हेरिएबलची काय किंमत याची यादी) वापरायचा का जिथून बोलावलं तिथला, एवढी एकच ओळ बदलली अन उत्तर ५ चं ९ झालं. सुरुवातीचं लिस्प (स्कीम ज्यातून निघालं ती भाषा) दुसऱ्या पद्धतीनं चालायचं, १९७५ मधे स्कीमनं पहिली पद्धत धरली, हे वाचून जेवढं नाही कळलं तेवढं त्या एका ओळीनं कळलं. प्लीज हे टाकाच.

अमरावतीकर
सिलॅबस युनिव्हर्सिटीचा आहे, पेपरात जे येते ते शिकवावंच लागते, गावाकडच्या पोरांचं त्या मार्कांवर फार अवलंबून असते. पण लॅब तुमच्या हातात आहे. सगळं एकदम नका उलटवू, एका वर्षी एकच मोठा बदल करा, नाही तं कशानं फरक पडला तेच कळत नाही.

कपाशीवाला_कोडर
मनापासून धन्यवाद. मग यावर्षी बदल एकच, इंटरप्रिटर, तोही स्कीममधेच. गोचं उदाहरण दोन फोल्डरसकट ठेवतो अन त्या दोघी पोरींनाच ते वर्गासमोर सांगायला लावतो, सोमवारी प्रॅक्टिकल आहे. पुसदच्या ताई, त्या इंटरप्रिटरला किती आठवडे लागले होते तुम्हाला?

पुसदची_पोरगी
सहा, सर. फंक्शनलाच तीन गेले.