विषय: कोकण फेरी – बाजूच्या पेट्या, ओरखडे आणि अनामत

प्रेषक: सहल समिती

सप्रेम नमस्कार.

जानेवारीच्या फेरीसाठी मोटरसायकली त्याच मालकाकडून भाड्याने घेत आहोत. मागच्या वेळी गाडीच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या सामानाच्या पेट्यांवरील ओरखड्यांपोटी अनामत कापली गेल्यावर या ईमेल यादीवर जे झाले ते पुन्हा नको, म्हणून प्रत्येक पेटीला जाड कॅनव्हासची खोळ शिवून घ्यावी असे समितीचे मत आहे. दापोलीत शिवून मिळेल. खर्च मंडळाने करावा की ज्याचा त्याने, एवढेच शुक्रवारपर्यंत कळवावे.

प्रेषक: माजी अध्यक्ष

समितीच्या कामात लुडबुड करण्याचा हेतू नाही. परंतु खोळीने ओरखडे थांबणार नाहीत, वाढतील. रेवसहून सागरी महामार्गाने खाली उतरताना जांभ्याची तांबडी धूळ शिवणीतून आत शिरते, गाडी सतत थरथरत असते आणि त्या बारीक कणांमुळे खोळीचे आतले अंग पॉलिशपेपरसारखे होऊन दिवसभर पेटीचा रंग घासत राहते. शिवाय खाडीकाठची दमट हवा आत कोंडली की कडी आणि स्क्रू गंजू लागतात, ते वेगळेच.

उपाय एकच: पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, म्हणजे मोटारींना लावतात ती पीपीएफ. पेटी धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे चार थेंब घालून ते पृष्ठभागावर फवारावे. मग फिल्म टेकवून मधून कडांकडे पाणी निपटत जावे. कोपऱ्याच्या गोलाईवर हेअर ड्रायरची ऊब दिली की ती वळते. कड मात्र वाऱ्याच्या तोंडाशी संपवू नये, कारण तिथूनच ती उचलते आणि खाली धूळ धरते. लावल्यावर निदान एक दिवस गाडी धुऊ नये. माझ्या इथल्या, परदेशातल्या गाडीच्या रंगीत पेट्या अशाच राखल्या आहेत.

प्रेषक: खजिनदार

माजी अध्यक्षांची इथली गाडी आम्ही सर्वांनी पाहिली आहे, अनेकदा पाहिली आहे. प्रश्न भाड्याच्या गाड्यांचा आहे. चिपळुणात कोणताही रेडियमवाला पारदर्शक रेडियम तासाभरात कापून लावून देईल आणि ते पीपीएफच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडेल. आठवडाभराच्या फेरीसाठी मोटारीची फिल्म कशाला?

प्रेषक: माजी अध्यक्ष

रेडियम म्हणजे पातळ पीव्हीसी. उन्हात त्याचा डिंक पेटीला धरून बसतो. तो काढायला कोणीतरी पेट्रोलचा बोळा फिरवणार आणि पेटी एबीएस प्लास्टिकची असेल तर तिला बारीक तडे जाणार. मग ओरखडे भरून द्यायचे की तडे, ते खजिनदारांनी ठरवावे. पीपीएफ ऊब देऊन, सपाट कोनात हळूहळू ओढली की सहसा स्वच्छ निघते.

प्रेषक: हर्णैच्या वहिनी

दोघांनाही नमस्कार. मागच्या वेळी मालकाने पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. झाकणावरचे ओरखडे कमानीसारखे वळलेले आहेत, ते बुटांच्या टाचांचे आहेत. मागे बसणारा माणूस पाय टाकून चढताना टाच नेमकी तिथे घासते. खालच्या मागच्या कोपऱ्यावरचे चरे मात्र आडवे आणि खोल आहेत. ते गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे. मुरूड, आंजर्ले, गुहागर इथल्या आळ्यांत दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असतात, हँडल न घासता पार झाले म्हणून आपण निर्धास्त पुढे जातो आणि मागे पेटी हँडलपेक्षा रुंद असते. त्या चऱ्यांपुढे फिल्मही टिकणार नाही. कोपऱ्यांना बागेच्या पाण्याची नळी मधोमध चिरून बसवावी, आमच्याकडे होडीच्या कडेला जुने टायर बांधतात त्याच न्यायाने. फिल्म झाकणापुरती पुरे. आणि मुक्कामाच्या आळीत शिरण्याआधी पेट्या उतरवल्या तर नळीचीही गरज नाही. कडी फिरवली की त्या सुटतात.

संध्याकाळी फडक्याने कोरडी धूळ पुसण्याची काही मंडळींची सवय आहे, ती कृपया बंद करावी. आधी भरपूर गोडे पाणी ओतावे, मग मऊ कापड.

प्रेषक: जेट्टीची व्यवस्था पाहणारा

वहिनींनी फेरीबोटीचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहितो. आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चारही ठिकाणी गाड्या खेटून लावतात आणि मधून पाट्या घेतलेल्या बायका वाट काढतात. त्यांना जागा द्यायची की पेटी वाचवायची, हा वाद मी बोटीवर घालू देणार नाही. गाड्या शेवटी चढवाव्यात आणि कठड्याच्या बाजूला लावाव्यात. हे काम माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहू द्यावे.

प्रेषक: सहल समिती

खोळींचा प्रस्ताव मागे घेतलेला नाही, तूर्त बाजूला ठेवला आहे. झाकणांवर फिल्म लावण्यासाठी मालकाची लेखी परवानगी मागितली आहे. ती आली नाही तर फिल्म नाही, फक्त नळी. ताब्यात घेताना प्रत्येकाने आपल्या दोन्ही पेट्यांचे सर्व बाजूंनी, उजेडात फोटो काढून याच यादीवर टाकावेत, म्हणजे जुने ओरखडे आपल्या खात्यावर पडणार नाहीत. नळी वहिनी देतील. हेअर ड्रायर तिकडचाच वापरावा; इथून नेलेला १२० व्होल्टचा २३० व्होल्टवर लावू नये.