सरकारी पैशावर चालणारा प्रसारक निःपक्ष राहू शकतो का?

ध्वनिलहर (धागाकर्ता)
जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत काढून घेतले. दोन वर्षांची तरतूद होती ती. १ ऑगस्टला हा पैसा वाटणाऱ्या कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगने कामकाज गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. १९६७ च्या कायद्याने उभी राहिलेली संस्था. आरोप असा की एनपीआर (सार्वजनिक रेडिओ) आणि पीबीएस (सार्वजनिक दूरचित्रवाणी) डावीकडे झुकलेत, मग करदात्याने त्यांना का पोसायचं?

मला हा युक्तिवाद मुळातच चुकीचा वाटतो. पैसा सरकारी असला म्हणून प्रसारक मिंधा होत नाही. तोच पैसा पुन्हा पुन्हा सत्ताधाऱ्यांच्या दारात जाऊन मागावा लागला की होतो. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी याच संस्थेच्या निधीच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला होता, म्हणजे नाड्या कोणाच्या हातात आहेत हे तेव्हाच दिसलं होतं. याउलट जर्मनी बघा. तिथे दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो थेट प्रसारकांसाठी गोळा होतात आणि किती लागतील याचा हिशेब एक स्वतंत्र आयोग मांडतो. २०२० च्या शेवटी सॅक्सनी-आनहाल्ट या एका राज्याने ८६ सेंटची वाढ अडवून धरली. पुढच्याच वर्षी घटनापीठाने ती वाढ लागू करायला लावली. राजकारण्यांना पटत नाही म्हणून प्रसारकाची रसद तोडता येणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

रोखठोक
जर्मनीचं कौतुक अर्धवट केलंत. २०१३ पासून तिथे घरात टीव्ही नसला, रेडिओ नसला तरी ही वर्गणी भरावी लागते. मला न पटणारं वर्तमानपत्र मी उद्यापासून बंद करू शकतो. इथे ती सोय नाही. ज्याची मतं मला टोचतात त्याचा पगार मीच द्यायचा, वर ते माझ्याच भल्यासाठी आहे हेही ऐकून घ्यायचं.

आणि झुकाव हा नुसता आरोप नाही. एप्रिल २०२४ मध्ये एनपीआरमध्ये २५ वर्षं काढलेले संपादक युरी बर्लिनर यांनी जाहीर लेख लिहिला. वॉशिंग्टनच्या संपादकीय विभागात मतदार नोंदणी तपासली तर ८७ डेमोक्रॅट निघाले, रिपब्लिकन एकही नाही, असं त्यांनी लिहिलं. त्यांचं म्हणणं वरिष्ठांनी अमान्य केलं. पाच दिवसांचं बिनपगारी निलंबन झालं आणि मग त्यांनी राजीनामा दिला. एका खोलीत ८७ विरुद्ध शून्य असताना कुठली बातमी आधी आणि कुठली नंतर, हे ठरवताना डोळ्यांवर काही चढत नसेल?

दुर्गमवासी
रोखठोक, राग एनपीआरवर आणि कुऱ्हाड भलत्याच्याच मुळावर पडलीये. बंद पडलेल्या कॉर्पोरेशनच्या निधीतला ७० टक्क्यांहून जास्त वाटा स्थानिक केंद्रांना जायचा. एनपीआरच्या स्वतःच्या उत्पन्नात सरकारचा थेट हिस्सा जेमतेम एक टक्का. मोठ्या शहरातलं केंद्र श्रोत्यांच्या देणग्यांवर तरून जाईल. पण विरळ वस्तीच्या भागात देणगी द्यायला माणसं आणायची कुठून? सिनेटमध्ये ही कपात चर्चेला असतानाच, १६ जुलैला, अलास्काच्या किनाऱ्याजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्सुनामीचा इशारा लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्यांत ही छोटी सार्वजनिक केंद्रंही होती. डोंगर चढायला सांगणारा तो आवाज डावा की उजवा, हे कोणी विचारत बसत नाही.

माजी निवेदिका
मी काही वर्षं एका सरकारी प्रसारण केंद्रावर प्रादेशिक बातम्या वाचल्या आहेत, म्हणून लिहिते. इथे सगळे पैशाबद्दल बोलताहेत. मला दबाव दिसला तो फोनमध्ये.

बातमीपत्राला सात-आठ मिनिटं राहिलेली असायची. कागद हातात आलेला, मी ओठातल्या ओठात वाचून बघतेय. पाणीटंचाईची बातमी दुसऱ्या क्रमांकावर. तेवढ्यात आत फोन वाजतो. संपादक परत येतात ते पेन्सिल घेऊन. दोनचा आकडा खोडून त्यावर आठ लिहितात आणि उद्‌घाटनाची बातमी वर घेतात. मग बातमीपत्र संपता संपता आठव्या क्रमांकावर बारीक रेघ, 'वेळेअभावी'. लेखी आदेश नाही, आवाज चढवणं नाही. पुढे पुढे तर फोनही येईनासा झाला. संपादक आपणहूनच टंचाई आठव्या क्रमांकावर टाकून मोकळे होत. मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे.

कायदे आपल्याकडेही आहेतच. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये. संस्थेवर लक्ष ठेवायला २२ खासदारांची समिती त्यात लिहिलेली आहे. ती कधी नेमलीच गेली नाही. आणीबाणीत किशोर कुमार यांची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली होती, हे आठवणारे अजून आहेत. त्यानंतर किती सरकारं आली नि गेली. लगाम सोडावा असं एकालाही मनापासून वाटलं नाही.

रोखठोक
ताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. घोडा ठेवला की लगाम धरायला कोणीतरी येणारच. पोलंडमध्ये २०१५ नंतर एका पक्षाने सरकारी वाहिनी ताब्यात घेतली आणि ती त्याचा भोंगा झाली. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदललं. नव्यांनी संचालक मंडळ काढलं आणि वृत्तवाहिनीचं प्रक्षेपणच बंद पाडलं. स्वच्छता म्हणून केलं असेल, पण हत्यार तेच.

तिसरी बाजू
खासगी वाहिन्यांवर फोन येत नाहीत असं समजू नका. तिथे तो जाहिरातदाराचा किंवा मालकाचा असतो. सार्वजनिक प्रसारकाला निदान जाब विचारता येतो. ट्रम्प यांच्या भाषणातले दूरदूरचे दोन तुकडे जोडून दाखवल्याचं प्रकरण अंगाशी आलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीच्या महासंचालकांना आणि वृत्तप्रमुखांना राजीनामे जाहीर करावे लागले.

रोखठोक
पण कधी? बीबीसीच्याच माजी बाह्य सल्लागाराने लिहून दिलेलं टिपण बाहेर फुटलं तेव्हा. ते फुटलं नसतं तर दोघंही आज खुर्चीत असते.

ध्वनिलहर
हे मान्य. निवेदिकाताईंचं वाचून माझ्या मांडणीतली एक उणीवही कळली. मी तिजोरीवर लक्ष ठेवलं आणि दाराकडे पाहिलंच नाही. पैशाची हमी असूनही नेमणूक सरकारच्या हातात राहिली तर पेन्सिल थांबत नाही. जर्मनीच्या घटनापीठाने २०१४ मध्ये झेडडीएफ वाहिनीच्या निकालात नेमकं हेच धरलं: नियामक मंडळांत सरकार आणि पक्षांशी जोडलेली माणसं एक तृतीयांशाहून जास्त असता कामा नयेत.

राहिला सक्तीचा प्रश्न. स्वित्झर्लंडने तो थेट लोकांना विचारला. वर्गणी बंद करायची का, यावर मार्च २०१८ मध्ये मतदान झालं आणि ७१.६ टक्के लोकांनी नाही म्हटलं. रोखठोक, असं मतदान घ्यायला माझी ना नाही. पण आधी तो एक तृतीयांशाचा नियम लागू करा, मग विचारा.

रोखठोक
उलटा क्रम ठेवा, मग मी तुमच्या बाजूने मत देईन. आधी विचारा.

माजी निवेदिका
क्रम कुठलाही ठेवा. फोन आला की त्याची नोंद व्हावी, कोणाचा आला आणि कुठली बातमी खाली गेली ते लिहिलं जावं, आणि ती वही कोणालाही मागून बघता यावी. माझ्या वेळी अशी वही असती तर ते टंचाईचे कागद आज दाखवता आले असते.