'पुश मेसेज क्यू'ला मराठीत काय म्हणावं?

एका वेब फ्रेमवर्कबद्दल मराठीत टिपण लिहितोय. त्यात वाक्य होतं, 'सर्व्हर संदेश रांगेत घेतो आणि पुढे ढकलतो.' टीममधल्या नव्या मुलीने वाचून विचारलं, "पुढे ढकलतो म्हणजे कधीपर्यंत?" आणि माझी दांडी गुल. परीक्षा पुढे ढकलली, लग्न पुढे ढकललं. आपल्याकडे त्याचा अर्थ लांबणीवर टाकणं. पुशमध्ये नेमकं उलट असतं, ब्राउझरने विचारायची वाट न बघता सर्व्हर आपणहून पाठवतो. चांगला शब्द सुचवा.

* * *

'ढकलसंदेश' करून टाका.

* * *

नको हो. ढकलपास आठवतो.

* * *

शब्द नंतर, आधी समासाचा विग्रह करा. पुश-मेसेजांची क्यू, की मेसेज पुश करणारी क्यू? दोन्ही अर्थ चालू आहेत. पहिल्यात ब्राउझरकडे जायचे मेसेज सर्व्हरवर ताटकळत असतात, बहुधा दर टॅबमागे एक रांग. दुसऱ्यात क्यूच काम करणाऱ्या प्रोसेसच्या दारात काम नेऊन टाकते. तिच्या उलट पुल क्यू, तिथे प्रोसेसने येऊन काम उचलायचं. त्यात क्यूमध्ये भरण्यालाही पुशच म्हणतात! त्यामुळे 'मेसेज पुश केला' म्हटलं की तो क्यूत शिरला की क्यूतून निघाला, याचा पत्ता लागत नाही. 'क्यूत टाकला' आणि 'ब्राउझरकडे धाडला' असं लिहा, घोळ मिटेल.

* * *

धाडायचाच तर 'निरोप' का नको? निरोप्याही आयता मिळतो.

* * *

'सर्व्हरने ब्राउझरला निरोप दिला.' वाचून बघा, कनेक्शन तुटलं असंच वाटेल. मेसेज किंवा संदेश बरा.

* * *

क्यू ती की तो? आमच्याकडे निम्मे लोक 'क्यू भरला' म्हणतात.

* * *

रांग ती, म्हणून मी 'ती' म्हणतो. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ शेपूट. मर्यादा न घातलेली क्यू मारुतीच्या शेपटासारखी वाढते आणि सर्व्हरची मेमरी खाते, तेव्हा नाव सार्थ वाटतं.

पण मला विचाराल तर नामं इंग्रजी राहिली तरी बिघडत नाही, खरी गरज क्रियापदांची आहे. 'क्यू हाताळणे' लिहिलं की काहीच सांगितलेलं नसतं. समोरच्याचं नेट गेलं की क्यू तुंबते, जोडणी परत आली की उपसावी लागते. उपसताना उपयोग सरलेले मेसेज गाळायचे. इथे मराठी फार कामाला येते: 'गाळला' म्हणजे आपण ठरवून, 'गळला' म्हणजे नकळत. जँगो या पायथॉनमधल्या वेब फ्रेमवर्कला वेबसॉकेटची (ब्राउझर आणि सर्व्हरमधली दुतर्फी, उघडी राहणारी जोडणी) जोड देणाऱ्या चॅनल्सचंच बघा. बदल केला नाही तर एका चॅनलची, म्हणजे साधारण एका जोडणीच्या क्यूची, मर्यादा १०० मेसेज आणि मेसेजची मुदत ६० सेकंद. भरलेल्या चॅनलला थेट पाठवलंत तर एरर येते, ग्रुपला (अनेक चॅनलना एकदम) पाठवलंत तर त्या चॅनलचा मेसेज गुपचूप गळतो. एररच नसल्याने शोधायला घेतलं की दिवस जातो.

दुसरा शब्द 'पोच'. 'पाठवला', 'पोचला' आणि 'पोच आली' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वेबसॉकेटवर 'सेंड' यशस्वी झालं म्हणजे मेसेज आपल्या हातून सुटला, एवढंच. ब्राउझरमधल्या कोडने तो घेतला का, हे कळायला पोच आपणच मागवावी लागते. सर्व्हर-सेंट इव्हेंट्समध्ये, म्हणजे सर्व्हरकडून ब्राउझरकडे एकाच दिशेने मेसेज येणाऱ्या जोडणीत, थोडी सोय आहे: इव्हेंटला आयडी दिला असेल तर जोडणी तुटून पुन्हा जुळताना ब्राउझर शेवटचा मिळालेला आयडी कळवतो. पण त्यापुढचे मेसेज सर्व्हरने जपून ठेवले असतील तरच त्याचा उपयोग.

* * *

टिपणातलं वाक्य आता असं केलंय: 'सर्व्हर मेसेज टॅबच्या क्यूत टाकतो, जोडणी असेल तर लगेच धाडतो आणि पोच आल्यावरच क्यूतून काढतो.' त्या मुलीला दाखवलं. तिचा लगेच प्रश्न, "मेसेज पोचला, पण पोचच वाटेत हरवली तर?" मग खाली तिनेच भर घातली: 'पोच न आल्यास त्याच क्रमांकाने पुन्हा धाडतो, तो क्रमांक आधी येऊन गेला असेल तर ब्राउझर फक्त पोच देतो, मेसेज दुसऱ्यांदा दाखवत नाही.' 'ढकलणे' टिपणातून हद्दपार.